आभासी माणसं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एआयने घडवलेल्या, अगदी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या आभासी माणसांबद्दल थोडं लिहिलं आणि तेव्हापासून तुमचे मेल थांबेचनात. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही प्रश्नांना जास्त जागा दिलीये कारण ते ज्यांनी विचारलेत त्यांना लवकरच काहीतरी ठरवायचंय.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. बातम्या वाचणारे, ट्रेनिंग व्हिडिओत बोलणारे जे एआय लोक असतात ते मुळात कुणा खऱ्या माणसाचे व्हिडिओ असतात की शून्यातून बनवलेले? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज वाद चाललाय.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : वाद मिटत नाहीये कारण दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहेत गं. असा चेहरा बनवायचे दोन रस्ते आहेत आणि आता ते एकमेकांत मिसळलेत.

जुना रस्ता कॉम्प्युटर ग्राफिक्सचा. १९७८ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचाली स्नायूंनुसार सुट्या करून त्यांची यादी केली, म्हणजे भुवईचा आतला कोपरा वर गेला तर हा नंबर, ओठाचा कोपरा ओढला गेला तर तो नंबर, असं. त्यांचं काम मानसशास्त्रासाठी होतं पण डिजिटल चेहऱ्याला हसवायचं-रडवायचं तर आजही हीच यादी कामाला येते. मग १९९९ ला फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी २०० माणसांचे चेहरे स्कॅन करून असं मॉडेल केलं की एका साध्या फोटोवरून त्या माणसाचा थ्रीडी चेहरा उभा राहायला लागला. २००० मध्ये पॉल डेबेवेक यांच्या टीमने लाइट स्टेज आणलं, माणसाला मधे बसवायचं, सगळ्या दिशांनी प्रकाश टाकायचा आणि प्रत्येक वेळी त्वचा कशी दिसते ते टिपून ठेवायचं. त्याआधीचे डिजिटल चेहरे प्लॅस्टिकचे वाटायचे, कारण खऱ्या त्वचेवर प्रकाश पडला की तो सगळाच्या सगळा वरून परत फिरत नाही, थोडा आत शिरतो, आत विखुरतो आणि जरा बाजूने बाहेर पडतो, कानामागे टॉर्च धरल्यावर कान लालसर दिसतो तो त्यामुळेच. हे गणित कॉम्प्युटरला झेपेल अशा रीतीने २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलं आणि चेहऱ्यांमध्ये जीव आला. पुढे २०२१ मध्ये एपिक गेम्सने मेटाह्यूमन नावाचं टूल आणलं आणि जे काम मोठ्या स्टुडिओला महिनोन् महिने लागायचं ते एकटा माणूस घरी बसून करायला लागला.

दुसरा रस्ता न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे ढीगभर उदाहरणं बघून स्वतःच शिकणाऱ्या प्रोग्रामचा. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी गॅन ही पद्धत मांडली, एक नेटवर्क चित्र बनवतं, दुसरं ते खरं की खोटं ते ओळखायला बघतं आणि दोघं एकमेकांच्या नादाने हुशार होत जातात. २०१८ च्या शेवटी एनव्हिडियाचं स्टाइलगॅन आलं आणि जगात कुठेच नसलेल्या माणसांचे फोटो सहज मिळायला लागले. फोटोला बोलतं करायचं कामही लगेच मागोमाग झालं. २०२० मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी वेव्हटूलिप आणलं, त्यात कुठलाही आवाज द्या आणि कुठल्याही चेहऱ्याचा व्हिडिओ द्या, ओठ जुळवून मिळतात. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी वासा-१ दाखवलं, फक्त एक फोटो आणि एक ऑडिओ क्लिप, त्यावरून मान हलवत, भुवया उचलत बोलणारा माणूस, तोही लाइव्ह चालेल इतक्या स्पीडने. गैरवापराच्या भीतीने त्यांनी ते लोकांसाठी खुलं केलं नाही.

आता तुमच्या वादाकडे. ट्रेनिंग व्हिडिओतले बहुतेक अवतार, म्हणजे स्क्रीनवरची ही आभासी माणसं, खऱ्या ॲक्टरला स्टुडिओत शूट करून बनवलेले असतात, नंतर नुसता मजकूर टाइप केला की तो "माणूस" बोलतो. चीनच्या शिन्हुआ या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०१८ मध्ये सोगो कंपनीबरोबर जो एआय अँकर आणला तोही खऱ्या अँकरवरूनच घडवला होता. आणि स्टाइलगॅनचे "कुणाचेच नाहीत" असे चेहरेसुद्धा, ते नेटवर्क ७०,००० खऱ्या फोटोंवर शिकलं होतं, फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवर लोकांनी टाकलेल्या. त्यामुळे मागे खरी माणसं असतातच, फरक एवढाच की एक आहे की हजारो, आणि त्यांना ते माहितीये की नाही.

चेहरा आता त्यातला सोपा भाग राहिलाय असं मला वाटतं. समोरच्याशी गप्पा मारणारा अवतार करायचा तर तुझं बोलणं ऐकून त्याचा मजकूर करायचा, लँग्वेज मॉडेलने, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयने, उत्तर तयार करायचं, त्याचा आवाज करायचा, आवाजावर ओठ आणि डोळे बसवायचे, आणि हे सगळं पटकन. माणसं गप्पा मारताना एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात बोलायला लागतो, दहा भाषांचा अभ्यास करून हे २००९ मध्येच दाखवलंय. तुम्हाला प्रोजेक्ट करायचाच असेल तर चेहऱ्यापेक्षा या वेळेवर करा, खरं काम तिथे बाकी आहे.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर व्हीट्यूबर बघतो, ते कार्टूनच्या रूपात व्हिडिओ करणारे. ते पण एआयच ना?
— एक आई

उत्तर : बहुतेक नाही. २०१६ मध्ये किझुना एआय नावाच्या कॅरेक्टरने ही लाट आणली, नावात एआय असलं तरी मागे खरी माणसं होती. साधारण सगळे व्हीट्यूबर असेच असतात, मागे बसलेल्या माणसाच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपून त्या कार्टूनला देतात, बोलणं त्या माणसाचंच. अलीकडे पूर्ण एआयवर चालणारेही थोडे आलेत. मुलालाच विचारा की यातला कोण कसा चालतो, त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल आणि तुम्ही विचारलंत याचा त्याला आनंदच होईल.

प्रश्न : काही एआय चेहरे बघून अंगावर काटा येतो, काही मात्र अजिबात ओळखू येत नाहीत. असं का?
— एक वाचक

उत्तर : काटा येण्याबद्दल जपानी रोबोटिक्सचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय. बाहुली माणसासारखी दिसायला लागली की ती आपल्याला जास्त जास्त आवडत जाते, पण जवळजवळ माणूस झाली आणि थोडंसंच चुकलं की आवड एकदम घसरून किळस येते, या घसरणीला त्यांनी दरी म्हटलंय. हालचाल आली की ही घसरण अजून खोल होते असंही त्यांनी सांगितलं होतं, आणि आज नेमकं तेच दिसतंय. स्थिर फोटो त्या दरीतून कधीच बाहेर पडलेत. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद यांचा २०२२ चा अभ्यास आहे, त्यात लोकांनी खरा-खोटा चेहरा ओळखताना जेमतेम ४८ टक्के वेळा बरोबर सांगितलं, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं, आणि वर बनवलेले चेहरे लोकांना खऱ्यांपेक्षा थोडे जास्तच विश्वासू वाटले. व्हिडिओत मात्र अजून अडखळतं, आवाज चिडलेला आणि डोळे शांत, वाक्य संपलं तरी श्वास घेतल्याचं कुठे दिसत नाही, दात प्रत्येक शब्दाला जरा वेगळे. पण हेही फार दिवस राहणार नाही.

प्रश्न : एवढा पैसा आणि डोकं घालून शेवटी जाहिराती आणि फसवणूकच वाढणार ना? कुणाचं खरंच भलं झालंय का यातून?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : झालंय सर. एक गोष्ट सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या टीमने एका बाईंबद्दल पेपर छापला, ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूच्या बुंध्यात झालेल्या स्ट्रोकमुळे त्यांचं बोलणं पूर्ण गेलेलं, त्याला अठरा वर्षं झालेली. मेंदूवर २५३ इलेक्ट्रोड्सचा पातळ पत्रा बसवला, त्या आवाज न काढता बोलायचा प्रयत्न करत आणि मेंदूतले सिग्नल वाचून कॉम्प्युटर त्याचे शब्द करत असे, मिनिटाला सुमारे ७८. आधीच्या साधनाने त्यांना मिनिटाला १४ शब्दच जमायचे. पण टीम मजकुरावर थांबली नाही, त्यांच्या लग्नातल्या जुन्या व्हिडिओवरून त्यांचा आवाज परत घडवला आणि स्क्रीनवर एक चेहरा दिला, जो त्यांच्या मेंदूच्या सिग्नलवर ओठ हलवतो, हसतो, आश्चर्य दाखवतो. बोलताना माणूस चेहऱ्यानेही बरंच काही सांगत असतो, ते त्यांना परत मिळालं. हे एवढं एकच काम या तंत्राने केलं असतं तरी मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते.

दुसरं, लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांनी सुरू केलेली अवतार थेरपी. ज्यांना कानात छळणारे आवाज ऐकू येतात अशा रुग्णाने त्या आवाजाला चेहरा द्यायचा, स्क्रीनवर तो चेहरा बोलतो, त्याच्या मागून थेरपिस्टच आवाज बदलून बोलत असतो, आणि रुग्ण हळूहळू त्याला उलट उत्तर द्यायला शिकतो. १५० रुग्णांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी साध्या समुपदेशनापेक्षा यात आवाजांचा त्रास जास्त कमी झाला होता.

आणि सर, तुमच्या फसवणुकीच्या मुद्द्याला धरून एक सांगायलाच हवं. २०१४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल लुकास आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या मुलाखती एका आभासी बाईकडून घेतल्या, काहींना सांगितलं की ही पूर्ण मशीन आहे, काहींना सांगितलं की मागे माणूस बसलाय. ज्यांना मशीन सांगितलं होतं ते कमी घाबरले, मनातलं जास्त मोकळेपणाने बोलले. म्हणजे समोर मशीन आहे हे लपवलं तरच लोक बोलतील असं जे कंपन्या मानतात त्याला काही आधार नाही. उघड सांगून उपयोग वाढलाय.

प्रश्न : ताई, बाबा जाऊन वर्ष होत आलं. धाकटा भाऊ त्यांचे जुने व्हिडिओ आणि व्हॉइस नोट्स टाकून त्यांचा बोलणारा अवतार करतोय, आईला वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय म्हणतो. मला हे नको वाटतंय पण का ते धड सांगता येत नाही आणि तो म्हणतो तू नुसती घाबरतेस.
— एक मुलगी

उत्तर : सरप्राइज नको, हे त्याला आजच सांग. बाकीचं सावकाश बोलता येईल पण आईला न विचारता अचानक बाबा स्क्रीनवर बोलताना दाखवायचे नाहीत.

भाऊ प्रेमानेच करतोय यात मला शंका नाही आणि तुला जे खुपतंय तेही बरोबर आहे, मी ते शब्दांत मांडून बघते. त्या अवताराचा आवाज बाबांचा असेल, चेहरा बाबांचा असेल, पण वाक्यं बाबांची नसतील. ती लँग्वेज मॉडेल तयार करणार, आणि त्याला माहीत नसलेलं विचारलं तर ते बऱ्याचदा शोभेल असं काहीतरी जुळवून सांगतं. आई पहिल्यांदा काय विचारेल? त्या दोघांनाच माहीत असलेलं काहीतरी. आणि समोरून उत्तर येईल, त्यांच्याच आवाजात, कधीच न घडलेलं. तुझा भाऊ ते ओळखेल, आई कदाचित ओळखणार नाही, किंवा ओळखेल आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलणार नाही. दोन्ही वाईटच.

फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एका टीव्ही डॉक्युमेंटरीत आजारपणात गेलेल्या लहान मुलीला व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेटमधून दिसणाऱ्या आभासी जगात, उभं केलं होतं आणि तिच्या आईने हेडसेट घालून तिला भेटून घेतलं. बघणारे लोक रडलेही आणि भयंकर चिडलेही. पण तिथे आईने स्वतः होकार दिला होता, मुलगी काय बोलणार ते आधी ठरलेलं होतं आणि ती भेट संपणार होती. तुमच्या अवताराला यातलं काहीच नाही, तो रोज रात्री फोनवर हजर असेल. २०२४ मध्ये केंब्रिजच्या दोन संशोधकांनी गेलेल्या माणसासारखं बोलणाऱ्या अशा प्रोग्राम्सवर, म्हणजे बॉट्सवर, लिहिताना हेच मागितलंय की गेलेल्या माणसाची आणि त्याच्याशी बोलणाऱ्याची, दोघांची संमती हवी आणि बॉटला सन्मानाने निरोप द्यायची सोय हवी.

भावाची मेहनत वाया घालवू नका, वेगळ्या रीतीने वापरा. अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनने नाझींच्या छळातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून प्रत्येकी हजारभर प्रश्न विचारले आणि सगळं शूट करून ठेवलं. आता कुणी येऊन प्रश्न विचारला की कॉम्प्युटर फक्त जुळणारी खरी क्लिप शोधून दाखवतो, एक शब्दही नवीन घालत नाही. बाबांच्या व्हॉइस नोट्सचं असंच करता येईल. सगळ्या ऐकून, विषय लिहून, शोधता येतील अशा लावून ठेवा, आईने "गावाबद्दल काही आहे का" विचारलं की बाबा खरंच जे बोलले होते तेच वाजेल. त्याला वेळ लागेल, तुम्ही दोघांनी बसून करा. आणि तरीही पुढे आई स्वतः म्हणाली की मला बोलणारा अवतार हवाय, तर तो तिचा निर्णय, पण तेव्हा तिला आधी हे सगळं सांगून.

प्रश्न : मी छोट्या जाहिरातींमध्ये काम करतो, आवाजही देतो. एका कंपनीने एका दिवसाच्या शूटचे चांगले पैसे देऊ केलेत, ग्रीन स्क्रीनसमोर वाचायचं आणि त्यावरून माझा एआय अवतार होणार. करारात लिहिलंय "सर्व माध्यमांत, सर्व प्रकारच्या वापरासाठी, कायमस्वरूपी". घरात पैशांची गरज आहे. सही करू का?
— एक कलाकार

उत्तर : आहे तशा करारावर करू नका. गरज आहे हे समजतं, म्हणूनच सांगते, या एका दिवसाच्या पैशात ते तुमची पुढची सगळी वर्षं विकत घेतायत, आणि उद्या तुम्ही जिथे ऑडिशनला जाल तिथे तुमचाच स्वस्तातला अवतार आधीच बसलेला असेल.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या कलाकारांच्या सॅग-आफ्ट्रा युनियनने ११८ दिवस संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की एकदा स्कॅन करायचं आणि मग कायम वापरायचं. शेवटी संमती, वापराचं नीट वर्णन आणि मोबदला या गोष्टी करारात आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात कायदाच झाला की डिजिटल नक्कल कशासाठी वापरणार हे करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि कलाकाराच्या बाजूने वकील किंवा युनियन नसेल तर ते कलम लागू होत नाही. तो कायदा तुम्हाला लागू असेल-नसेल, त्यातलं मागणं उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणजे "कायमस्वरूपी" काढून एक किंवा दोन वर्षं लिहून घ्या, नंतर नवीन करार, नवीन पैसे. "सर्व प्रकारच्या वापरासाठी" तर मुळीच नको. २०२३ मध्ये "वुल्फ न्यूज" नावाच्या एका बनावट चॅनलवर राजकीय प्रचार करणारे अँकर सापडले, ते असे भाड्याने मिळणारे तयार अवतार होते. मागच्या ॲक्टरचं त्या राजकारणाशी काही देणंघेणं नाही, चेहरा मात्र त्याचा. म्हणून राजकारण, औषधं, कर्ज, जुगार, अश्लील मजकूर यांना नाव घेऊन बंदी घाला. तुमचं फुटेज दुसरी मॉडेल्स शिकवायला वापरणार का ते वेगळं विचारा, ते बहुतेक वेळा बारीक अक्षरात दडलेलं असतं. तिसऱ्या कंपनीला देणार का, करार संपल्यावर फाइल पुसणार का आणि पुसल्याचं लेखी देणार का, हेही. आणि सहीआधी एकदा वकिलाला दाखवाच, त्याची फी या पैशातून गेली तरी चालेल.

नीट कसं होतं त्याचं उदाहरणही आहे. २०१९ मध्ये मलेरियाविरुद्धच्या मोहिमेत डेव्हिड बेकहॅम नऊ भाषांत बोलताना दिसला, ओठ एआयने जुळवलेले. संदेश कोणता, कशासाठी, हे त्याला आधीपासून माहीत होतं. तुम्ही त्याच्याइतके मोठे नसाल पण तोच हक्क तुमचाही आहे. कंपनी म्हणाली की यातलं काही बदलणार नाही, तर ती तुमच्या चेहऱ्याचं काय करणार आहे ते तिने सांगूनच टाकलं असं समजा.

प्रश्न : मी अकाउंट्सला आहे. व्हिडिओ कॉलवर साहेबांचाच नकली चेहरा आला तर ओळखायचा कसा? गालावरून हात फिरवायला सांगावं असं वाचलं.
— एक कर्मचारी

उत्तर : हात फिरवायला सांगा, मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, कधी कधी चेहरा फाटतो आणि कळतं. पण त्यावर भिस्त ठेवू नका. २०१८ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की नकली चेहरे पापण्या नीट मिटत नाहीत, ते जाहीर केलं आणि थोड्याच काळात पापण्या मिटणारे नकली चेहरे आले. प्रत्येक खुणेचं असंच होतं.

२०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधून बातमी आली, एका ब्रिटिश इंजिनिअरिंग कंपनीच्या तिथल्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर ठगांच्या खात्यांवर पाठवले. त्याला आधी ईमेलचा संशय आला होता. पण मग व्हिडिओ कॉलवर कंपनीचे फायनान्स प्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले आणि संशय गेला, ते सगळे बनावट होते. म्हणजे चेहरा बघून खात्री करायला गेला आणि तिथेच फसला.

त्यामुळे चेहरा हा पुरावा धरायचाच नाही. पैसे पाठवायचा निरोप कॉलवर आला की कॉल बंद करा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा, कॉलवर दिलेल्या नंबरवर नाही. मोठ्या रकमेला दुसऱ्या माणसाची मंजुरी ठेवा. घाई आणि "कुणाला सांगू नको" हे दोन्ही एकत्र आलं तर थांबाच. आणि हा नियम साहेबांना आत्ताच मेलवर लिहून त्यांची मान्यता घेऊन ठेवा, म्हणजे उद्या खरंच त्यांचाच कॉल तुम्ही मधेच बंद केलात तर ते चिडणार नाहीत.